डोळ्यातला थेंब आणि छातीतली कळ

डोळ्यात थेंब घातला की मिनिटाभरात घशाला कडवट चव यायची. हिला एकदोनदा म्हणालो, "डोळ्यातलं औषध घशाला लागतंय बघ." ती म्हणाली, "मग गुळाचा खडा खावा की." खाल्ला. कोल्हापुरात कुठल्याही कडवटपणावर गूळ हा उतारा चालतो. त्या कडू चवीचा माझ्या छातीशी काही संबंध असेल, हे आम्हा दोघांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. पुढचे तीन महिने ते तिसऱ्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मी शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर काढली. ऑइल इंजिनाचे पार्ट, पुढं पुढं व्हॉल्व्हचे जॉब. आता घरी असतो. दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर बदललाय का बघायला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो तर प्रेशर जास्त निघालं. उजव्या डोळ्यात २६, डाव्यात २८. काचबिंदूची सुरुवात. औषध मिळालं टिमोलॉल, ०.५ टक्के, पाच मिलीची बोटाएवढी बाटली, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब.

आत सोडायच्या आधी बाहेर बसलेल्या मुलीनं फॉर्म भरून घेतला होता. "शुगर बीपी दमा हार्ट?" चारही शब्द एका श्वासात, मान फॉर्ममध्ये, मागं तीसेक माणसं रांगेत. मी म्हणालो, "काही नाही." आता हे खोटं होतं का? लहानपणी मला बाळदमा होता. आई रात्रभर मांडीवर घेऊन छाती शेकत बसायची म्हणे. बाराव्या-तेराव्या वर्षी तो गेला. त्यानंतर दर थंडीत महिनाभर खोकला आणि पहाटे छातीत शिट्टी, पण त्याला आमच्या घरात 'सर्दी' म्हणायचे. दमा हा शब्दच कुणी काढत नसे. लग्न ठरताना तर अजिबात नाही. पन्नास वर्षं जो शब्द घरात उच्चारला नाही तो अनोळखी मुलीपुढं एका सेकंदात तोंडातून कसा निघायचा? तिनं 'थंडीत छाती वाजते का हो?' असं विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणालो असतो. हे मी नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगितलं.

डिसेंबरात रंकाळ्याची फेरी जड जायला लागली. पहाटे संध्यामठाच्या बाजूनं सुरुवात करून शालिनी पॅलेसपर्यंत मी गप्पा मारत जायचो, तो आता निम्म्यात कठड्याला टेकायला लागलो. सोबत्यांनी निदान तिथंच केलं. एक म्हणाला, गुऱ्हाळं पेटलीत, धूर आहे. दुसरा म्हणाला, पाचट जाळतात शेतात, त्याचं आहे. तिसरा आमच्याच लाइनीतला, तो म्हणाला, "मास्तर, फौंड्रीची वाळू आहे ती, आता बाहेर यायला लागली." मला तिघांचंही पटलं. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबून धारोष्ण दूध प्यायचा नेम होता, तोही बंद केला, कफ होतो म्हणून.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी खोकल्याची बाटली दिली, मग निळा पंप. सॅल्ब्युटामॉल. "लागेल तेव्हा दोन मारा," एवढंच. कसा मारायचा ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मशीनवर आयुष्य गेलेल्या माणसानं एवढंसं यंत्र कसं चालवायचं म्हणून विचारायचं म्हणजे कमीपणा. दोन मारले, चार मारले, एका रात्री सहा मारले. काही फरक नाही. शेजारचे काका सांगायचे, पंप मारला की हात थरथरतात, काळीज धडधडतं. मला तेवढंसुद्धा नाही. मला वाटलं पंपच डुप्लिकेट आहे. मेडिकलवाल्याशी जाऊन भांडलो. त्यानं बिचाऱ्यानं दुसरा दिला. तोही तसाच.

फेब्रुवारीत एका रात्री अंथरुणात आडवंच होता येईना. उशा तीन, खिडकी उघडी, आणि छातीत मांजराची पिल्लं गुरगुरल्यागत आवाज. सकाळी लेकीनं पुण्यावरनं फोन करून छातीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली.

या डॉक्टर म्हणजे पस्तिशीच्या बाई. बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन ९४, नाडी ५४. त्यांनी चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. तेच. मग माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत पुरतं एक मिनिट मोजलं. इतका वेळ कुणी माझं मनगट धरल्याचं मला आठवत नाही.

"काका, दम लागलेल्या माणसाची नाडी पळते. तुमची निवांत बसलीय. बीपीची गोळी घेता?"

"नाही."

"हृदयाची? डोकेदुखीची? हातपाय कापतात म्हणून काही?"

"काहीच औषध नाही मॅडम मला. आता तुमच्याकडं आलोय तेच."

तेवढ्यात ही बोलली. "अहो, डोळ्यात थेंब घालताय की दोन वेळा! ते काय तीर्थ आहे व्हय?" आणि पिशवीतनं बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बाटली फिरवून बारीक अक्षर वाचलं. खुर्चीत मागं टेकल्या. म्हणाल्या, "उत्तर बहुतेक यातच आहे. पण आधी फुंकून दाखवा."

ते फुंकणं म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला क्लिप, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट मिटायचे. मशीनवरचा पोरगा अगदी शांत बोलत होता. त्यानं मला छाती भरून श्वास घ्यायला लावला आणि एकदम कुस्तीच्या फडात ओरडावं तसा ओरडला, "फुंका फुंका फुंका! अजून अजून अजून! सोडू नका काका, अजून आहे!" माझ्या डोळ्यापुढं काजवे. समोर पडद्यावर रेघ वर चढून लगेच आडवी पडली, फुगा फुटल्यागत. तीन वेळा तेच करवून घेतलं, कारण आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. हे मला पटलं, एका मापावर आम्हीपण जॉब पास करत नव्हतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा महत्त्वाचा. माझ्या वयाला आणि उंचीला तो सव्वादोन लिटरच्या वर हवा होता. माझा आला १.४१.

मग स्पेसर, म्हणजे दुधाच्या बाटलीसारखा प्लॅस्टिकचा डबा, लावून सॅल्ब्युटामॉलचे चार पफ दिले. एकेक पफ, सावकाश ओढायचा, दहा आकडे श्वास धरायचा. पंप असा घ्यायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. आधीचं सगळं औषध मी जिभेला पाजत होतो. पंधरा मिनिटं बाकड्यावर बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. १.४६.

"दमा असेल तर हा आकडा निदान बारा टक्के आणि दोनशे मिली तरी वाढायला हवा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा पन्नास मिली वाढला. बरोबर पद्धतीनं देऊनसुद्धा. म्हणजे औषध जागेवर पोचतंय, पण जागा रिकामी नाही."

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी श्वासनळी काढली, भोवती स्नायूचं वेटोळं, आणि वेटोळ्यावर छोटे छोटे टिंब. ते रिसेप्टर. मराठीत 'ग्राही' म्हणतात असं लेकीनं नंतर सांगितलं, पण त्या शब्दानं माझ्या डोळ्यापुढं काही येत नाही. मी त्याला कळ म्हणतो. दुखते ती नव्हे, दाबतात ती. स्नायूवर दोन जातीच्या कळा असतात. एक बीटा-टू. ती दाबली की स्नायू सैल, नळी मोकळी. दुसरी एम-थ्री. ती दाबली की स्नायू आवळतो, नळी अरुंद. एम-थ्री दाबायला मेंदूकडनं व्हेगस नावाची नस थेट येते. गंमत अशी की बीटा-टूकडं माणसाच्या श्वासनळीत अशी स्वतंत्र नस जवळपास येतच नाही. ती कळ दाबतं रक्तातनं वाहत आलेलं अ‍ॅड्रिनॅलिन. सॅल्ब्युटामॉल त्याचीच नक्कल करतं, फक्त पंपातनं थेट जागेवर.

आणि टिमोलॉल? तेही त्याच बीटा-टू कळेवर जाऊन बसतं. पण दाबत नाही. नुसतं बसून राहतं.

हे मला लगेच कळलं. नवीन पोरगं मेनबोल्टच्या भोकात दुसराच बोल्ट बसवून ठेवतं. बसलेला दिसतो, पण आवळत काही नाही, आणि त्याच्या पायी खरा बोल्ट आत जात नाही. मी रात्री सहा-सहा पफ मारत होतो ते बुजलेल्या भोकावर. पंप खरा होता. मेडिकलवाल्याची मी नंतर जाऊन माफी मागितली. हात थरथरत नव्हते त्याचंही कोडं सुटलं. ती थरथर स्नायूंतल्या बीटा-टूमुळंच येते, आणि तिथंही हाच बोल्ट. नाडी ५४ वर बसली होती कारण टिमोलॉल हृदयावरची बीटा-वन कळही सोडत नाही. त्याला बीटा म्हटलं की झालं, वन-टू बघत नाही.

माझा प्रश्न साधा होता. थेंब डोळ्यात, आणि छातीत कसा? डॉक्टरांनी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं बारीक भोक असतं, अश्रू त्यातनं नाकात उतरतात. म्हणून रडलं की नाक वाहतं. थेंबही त्याच वाटेनं नाकात, आणि नाकाच्या ओल्या अस्तरातनं सरळ रक्तात. गोळी गिळली तर आधी यकृतात जाते, बरीचशी तिथंच मोडते. या वाटेवर यकृताचा नाकाच नाही. एका थेंबात औषध असतं जेमतेम पाव मिलिग्रॅम, पण ज्याची छाती मुळात दम्याची आहे त्याला तेवढं पुरतं.

"घशाला कडू लागायचं का?" त्यांनी विचारलं.

हिनं माझ्याकडं बघितलं. गुळाचा खडा दोघांनाही आठवला असणार.

त्या दिवशी त्यांनी दुसरी कळ धरली. इप्राट्रोपियमची वाफ दिली. हे औषध एम-थ्रीवर बसून आवळायचा हुकूम अडवतं. बीटा-टू बुजलेली असली तरी याला अडचण नाही. मास्क लावून दहा-पंधरा मिनिटं बसलो, मग आणखी अर्धा तास. छातीतली पिल्लं एकेक करून गप्प झाली. तिसऱ्यांदा फुंकलं, १.६६. या जातीची औषधं निघाली ती मुळात धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिनच्या कुळातनं. आमच्या लहानपणी पंचगंगेच्या घाटाकडं एक म्हातारे वाळलेल्या धोतऱ्याची पानं चिलमीत ओढायचे दम्यावर, आणि आम्ही त्यांना गांजेकस समजायचो. धोतरा विषारी. मात्रा जरा चुकली की माणूस भ्रमिष्ट होतो, जातोही. पण म्हातारबुवांनी नेम बरोबर कळेवर धरला होता एवढं मान्य करायला पाहिजे.

मी म्हणालो, ही बाटली आत्ताच्या आत्ता पंचगंगेत टाकतो. डॉक्टर एकदम कडक झाल्या. "असलं काही करायचं नाही. छाती मी दुरुस्त करीन, पण काचबिंदूत गेलेली नजर ब्रह्मदेव आला तरी परत देत नाही." त्यांनी माझ्यासमोर डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच संध्याकाळी थेंब बदलून मिळाले. आता लॅटॅनोप्रोस्ट, रात्री एकच थेंब. त्याची कळ वेगळीच, प्रोस्टाग्लँडिनची. टिमोलॉल डोळ्यातलं पाणी तयार व्हायचंच कमी करतं, लॅटॅनोप्रोस्ट त्या पाण्याचा निचरा व्हायची वाट मोकळी करतं. सील फोडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणून आमच्याकडं कोथिंबिरीच्या डब्याशेजारी त्याची जागा. आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. हे कुठल्याही थेंबाला चालतं आणि कुणी सांगत नाही. कडू लागायचं बंद झालं. एक तोटा झाला. पापण्यांचे केस लांब आणि काळे व्हायला लागले. नात म्हणते, आजोबा मस्कारा लावतात.

लेकीनं बी.फार्म. केलंय. तिला फोनवर सगळं सांगितलं तर आधी रडली, कारण तिला माहीत असून तिनं कधी विचारलं नव्हतं की पप्पा डोळ्यात काय घालता. मग तिची शिकवणी सुरू झाली. या कळा अल्फा आणि बीटा अशा दोन जातीच्या आहेत हे अमेरिकेत अहल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडलं. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरांनी हृदयाचा ताण कमी करायला बीटा अडवणारं औषध काढलं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. १९६९ मध्ये सॅल्ब्युटामॉल बाजारात आलं. एकानं कळ दाबायचं औषध केलं, दुसऱ्यानं न दाबायचं, आणि दोन्हींची माझ्या एकट्याच्या अंगात गाठ पडली. खुद्द बीटा-टू कशी दिसते, आत हुकूम कसा पोचवते हे उलगडल्याबद्दल लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल. मी म्हटलं, यात आपला कुणी नाही का? तर आहेत, म्हणाली. अवतारसिंग पेंटल. फुप्फुसात अगदी बारीक रक्तवाहिन्यांना खेटून जी मज्जातंतूंची टोकं असतात ती त्यांनी १९५५ साली शोधली. पुढं त्यांनीच त्यांना 'जे रिसेप्टर' नाव दिलं. फुप्फुसात रक्त-पाणी तुंबलं की ही टोकं बोंब मारतात आणि श्वास उथळ, भरभर होतो. माझा दम त्या जातीचा नव्हता, पण नाव मी लिहून ठेवलं.

थेंब बदलून साडेतीन आठवड्यांनी पुन्हा तोच पोरगा, तीच क्लिप, तोच आरडाओरडा. या वेळी औषधाआधीच १.७८. सॅल्ब्युटामॉलचे चार पफ, पंधरा मिनिटं, २.११. तीनशेतीस मिली, साडेअठरा टक्के. आणि माझे हात थरथरत होते! चहाचा कप बशीवर वाजत होता. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. ही म्हणाली, कप खाली ठेवा आधी.

"आता लिहिते," डॉक्टर म्हणाल्या, आणि फाइलवर स्वच्छ अक्षरात 'दमा' लिहिलं. मी तो शब्द बघत राहिलो. हिनंही वाचला. घरी येईपर्यंत रिक्षात ती काही बोलली नाही. मग जिना चढताना म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलंच असतं." चाळीस वर्षांनी.

आता रोजचा पंप आहे, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला. यातलं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड म्हटल्यावर मी बिचकलो होतो. पण स्टेरॉइडची कळ पेशीच्या बाहेर नसते, आत असते. ते आत जाऊन थेट केंद्रापर्यंत पोचतं आणि सूज आणणाऱ्या गोष्टी तयार व्हायच्याच कमी करतं. म्हणून त्याचा गुण तासात नाही, दिवसांत दिसतो. वर ते बीटा-टू कळांची संख्या वाढवतं. उलट नुसता निळा पंप सारखा सारखा मारत राहिलं तर पेशी त्या कळा आत ओढून घेते, कमी करते. 'पंपाची सवय लागते' असं लोक म्हणतात त्यामागं हे असावं, पण ते रोजच्या पंपाला लावून लोक नेमका चुकीचा पंप सोडतात. पंप झाला की चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. मी एकदा विसरलो, चार दिवस मिसळ बंद.

एप्रिलात चटणीचा दिवस आला. आमच्याकडं वर्षाची चटणी म्हणजे लग्नकार्यच. ब्याडगी, संकेश्वरी, तळलेला कांदा-लसूण, खोबरं, सगळं डब्यात भरून डंकावर. दरवर्षी मी डबे उचलायला जातो. यंदा हिनं नको म्हटलं. मीही डॉक्टरांना विचारलं. तोंडाला ओला रुमाल बांधून बाहेर थांबा, खिशात पंप ठेवा, म्हणाल्या. दम्याच्या नळ्या चिडक्या, जवळ जायचं नाही.

गेलो. रस्त्यापलीकडं बाकड्यावर बसलो. डंकाचे मुसळ धाडधाड चालू, आतनं लाल धूळ, आणि रांगेतल्या सगळ्या बायका शिंकतायत, डोळे पुसतायत, डंकवाला सोडून. त्याला काहीच होत नाही. वारा फिरला आणि मलाही ठसका लागला. सणसणीत. ही पलीकडनं डबा टाकून पळत आली. मी हात वर करून थांब म्हटलं, कारण मी कान देऊन ऐकत होतो. ठसका होता, पण शिट्टी नव्हती. मिरचीची कळ निराळी, टीआरपीव्ही-वन. जीभ भाजते तीच, नाक-घशाच्या आणि श्वासनळीच्या नसांवरही असते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं ती शोधली आणि २०२१ च्या नोबेलात तिचा वाटा आहे. हे लेकीनं आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, घाबरू नका म्हणून.

चार-पाच ठसके आले आणि थांबले. खिशातला पंप काढलाच नाही. ही कमरेवर हात ठेवून उभी होती, तिचेही डोळे लाल, नाक लाल.

"झालं?"

"झालं."

"मग तो तिसरा डबा उचला. तिखट कमी पडलंय, अजून किलोभर संकेश्वरी घालायला सांगते."